दार कुठे चाललं होतं?

काका, तुमच्या मुलीने, रूथताईने, घरातला आरसा झाकला आहे. तुम्हा ज्यूंकडे माणूस गेल्यावर तसं करतात, हे मला माहीत होतं. पण त्यावर टाकायला तिला नेमकी ती निळी चादर सापडली, जी आपण नाटकात खाडी म्हणून आणली होती आणि खरी खाडीच समोर आहे म्हणून घडी करून ठेवून दिली होती. मी त्या चादरीकडे बघत बसले. लोक येत होते, खाली बसत होते, हळू आवाजात बोलत होते. शांत माणूस होता, म्हणत होते. कधी कुणाला दुखावलं नाही. सगळ्यांशी जमवून घेतलं.

मला तिथे बसवेना. उठून सांगावंसं वाटत होतं की हे खोटं आहे. तुम्ही शांत नव्हता, हट्टी होता. तुम्ही मला दुखावलंत, चांगलं दोन-चार वेळा, आणि मीही तुम्हाला सोडलं नाही. माणूस गेला की त्याचे कोपरे घासून गुळगुळीत करायची आपल्याकडे फार घाई असते. मला तुमचे कोपरे हवेत. आपलं भांडण संपलेलं नाही आणि तुम्ही मध्येच उठून गेलात.

पहिल्यांदा भेटलात तेव्हा मी पनवेलच्या बाजारात पत्रकं वाटत होते. विमानतळासाठी आमचं गाव उठणार, त्याविरुद्धची. घरात माझ्या जन्माआधीपासून पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा कुठल्या ना कुठल्या आंदोलनात असायचा. मी अक्षरं पत्रकांवर शिकले, गणितं त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर सोडवली. त्यामुळे पत्रक हातात घेतलेला माणूस पुढे काय करतो हे मला पाठ होतं. एक नजर टाकतो, घडी घालतो, त्यात शेंगदाणे घेतो. तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंत. मग माझ्याकडे आलात.

"कोणी लिहिलंय?"

"मी."

"प्रत्येक वाक्याची मूठ वळलेली आहे," तुम्ही म्हणालात. "हाताला बोटंही असतात, पत्रकबाई."

मला सुजाता असं नाव आहे, हे मी तेव्हाच सांगितलं. तुम्ही ते गरजेपुरतंच वापरलंत.

टपाल खात्यातून निवृत्त झालेले, पनवेलमध्ये हौशी नाटकं बसवणारे तुम्ही. तुमच्या डोक्यात त्या वर्षी एकच वेड होतं. ती जुनी कादंबरी, जी आपल्या आज्यापणज्यांनी रडत रडत वाचली, ती उघड्यावर करायची. खाडीकाठी, खऱ्या बांधावर. कादंबरीतलं गाव बांधाच्या आड वसलेलं. एका उधाणाला बांध फुटतो, खारं पाणी शेतात शिरतं ते परत जात नाही. लोक एकेक करून होड्यांतून निघून जातात. शेवटी उरते अनसा. ती आपल्या घराचं दार बिजागऱ्यांतून काढते, होडीत घेते आणि जाते. शेवटच्या पानावर होडी आणि होडीत दार.

"आमच्याच गावात का?" मी विचारलं.

"नाट्यगृहात पाणी आणायला पंप लागेल. तुमच्याकडे आयतं आहे."

बाबाला ती कादंबरी मुळीच आवडायची नाही. "लोकांना रडवून पलवून लावनारा पुस्तक हाय," तो म्हणायचा. तरी त्याने हो म्हटलं, कारण मी त्याला वचन दिलं होतं की शेवट आपण बदलू. अनसा दार काढणार नाही. ती ते बंद करेल, आतून कडी घालेल आणि बाहेर सगळा गाव घोषणा देत उभा राहील. हे वचन मी तुम्हाला न विचारता दिलं होतं. तुम्हाला ते पहिल्याच तालमीला कळलं.

"ती जाते," तुम्ही म्हणालात.

"आपल्या नाटकात नाही जाणार."

"लिहिणाऱ्याने तिला जाऊ दिलंय."

"लिहिणाऱ्याच्या घरावर नोटीस आली नव्हती, काका."

यावर तुम्ही हसलात आणि तालीम पुढे चालू केलीत. मला वाटलं, मी जिंकले. तुम्हाला ओळखत नव्हते अजून.

तालमी रविवारी. शनिवारी नाही म्हणजे नाही. मी एकदा विचारलं, तुम्ही देव मानता का? तुम्ही म्हणालात, "देवाचं नक्की सांगता येत नाही. शनिवार आहे, हे नक्की." मला ते उत्तर तेव्हा पळवाट वाटलं होतं. आता ते उत्तर मी चारचौघांत स्वतःचं म्हणून वापरते, हेही सांगून टाकते.

नारळावरून झालं ते आठवतंय? मुहूर्ताला नारळ फोडायचा म्हणाली मंडळी, मी आडवी आले. कलेच्या कामात कर्मकांड नको, असं काहीतरी मोठं बोलले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बरोबर आहे तिचं. मग मलिदा करू." आणि पुढच्या रविवारी घरून मोठं पातेलं घेऊन आलात. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर केळ्याच्या चकत्या. एलियाहू नबीच्या नावाने तुमच्याकडे करतात तो.

"हाही देवाचाच प्रसाद झाला," मी म्हणाले.

"पण तुझ्या पत्रकात त्याचं नाव नाही. खा."

मी खाल्ला. दोनदा घेतला.

अनसाचं काम ताराआत्याने केलं, माझ्या बाबाची बहीण, पनवेलच्या मच्छीबाजारात बसणारी. आवाज असा की बांधाच्या त्या टोकाला ऐकू जावा. तुम्ही तिला सांगायचात, हळू बोल, अनसा आतल्या आत तुटते आहे. ती म्हणायची, "काका, आतल्या आत तुटली तर मागं बसलेल्यांना काय दिसनार?" पाठांतर चोख होतं, पण दार आलं की सगळं अडायचं.

दार आमच्या घरचं होतं. आजोबांनी जहाजाच्या मोडलेल्या लाकडातून करून घेतलेलं, जड, काळं. खोटं दार चालणार नाही, असा तुमचा हट्ट. थर्माकोलचं दार उचलणाऱ्या बाईचा खांदा खोटं बोलतो म्हणालात. बाबाने कुरकुरत परवानगी दिली, पण दर तालमीनंतर दार परत जाग्यावर बसलं पाहिजे ही अट घातली. तेव्हापासून रविवारची संध्याकाळ म्हणजे दार काढा, बांधावर न्या, परत आणा, बसवा. पोरं दाराच्या मागे वरातीसारखी चालायची.

"काका, दार उचलू का बोलू?" ताराआत्या विचारायची. "दोनी एकदम नाय व्हनार."

आणि तुम्ही दार कसं न्यायचं ते शिकवायला लागलात. चार जणांनी ते आडवं, खांद्यावर घेतलं तेव्हा तुम्ही एकदम ओरडलात. तुम्हाला ओरडताना मी तेव्हाच ऐकलं. "आडवं नाही. प्रेत नाही ते. उभं धरा. दार उभं असलं की त्याच्यातून कुणी येईल असं वाटतं." मग स्वतः पुढे होऊन धरलंत, एक हात वर, एक हात खाली, गाल फळीला टेकलेला. त्या वयात ते वजन तुम्ही कसं पेललंत कुणास ठाऊक. त्यानंतर गावातल्या कुणीही ते दार आडवं नेलं नाही.

त्याच दिवशी परत येताना मी विचारलं होतं, तुम्हाला दारांचं इतकं कसं काय? तुम्ही मला घरी घेऊन गेलात. तुमच्या चौकटीवर उजव्या बाजूला ती तिरकी लाकडी डबी होती, बोटाएवढी. आत-बाहेर करताना तुम्ही तिला बोटं लावून ओठांशी न्यायचात, ते मी पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं. मेझुझा, तुम्ही सांगितलंत, आत प्रार्थना लिहिलेली असते. मग बोटाने दाखवत गेलात. समोरचं घर, कोपऱ्यावरचं, मागच्या गल्लीतलं. तुमच्या लहानपणी त्या सगळ्या चौकटींवर अशा डब्या होत्या. एकेक कुटुंब इस्रायलला गेलं. जाताना चौकटीवरून डबी काढून नेली. कुणाच्या घरी ती काढायला तुम्हीच गेलात, कारण घरच्यांना ती काढवेना.

"जाणारा पळून जातो असं तुला वाटतं," तुम्ही म्हणालात. "मी त्यांना जाताना बघितलंय. त्यांनाही बाजू होती."

"मग तुम्ही का राहिलात?"

"रविवारी तालमी असतात ना."

मी चिडले. मी तेव्हा प्रत्येक गोष्टीला चिडत होते. मी म्हणाले, त्यांना कुणी हाकललं नव्हतं, आम्हाला हाकलतायत, हा फरक तुम्हाला कळायला हवा. तुम्ही म्हणालात, फरक आहे. खूप आहे. पण अनसाला हाकललंय पाण्याने, आणि पाण्याविरुद्ध घोषणा देता येत नाहीत. मी म्हणाले, पाणी बांध फोडून आलं आणि बांधाची डागडुजी कुणी केली नाही हे कादंबरीतच लिहिलंय, पान उघडा. तुम्ही पान उघडलंत. तसं लिहिलेलं होतं. तुम्ही ते पुन्हा वाचलंत आणि म्हणालात, "हे माझ्या लक्षात आलं नव्हतं." पण शेवट मात्र बदलला नाहीत. काका, हे मला आजही छळतं. पटूनसुद्धा बदलला नाहीत.

प्रयोगाच्या आदल्या रविवारी मी शेवटचं हत्यार काढलं. दार माझ्या घरचं आहे, म्हटलं, देणार नाही. तुम्ही म्हणालात, "नको देऊस. दाराशिवाय अनसा कशी जाते ते बघू." मध्ये ताराआत्या कमरेवर हात ठेवून उभी. "मंग मी शेवटाला करू काय? दार लावू का काढू? एकदा ठरवा, मना बाजारात जावाचा हाय." तुम्ही तिला म्हणालात, त्या वेळी तुला वाटेल ते कर. मला ती तुमची चलाखी वाटली. दार मात्र दिलं.

पौर्णिमा ठरली. चांदणं मिळेल, दिवे कमी लागतील. बाबाने पाण्याचा हिशेब सांगितला होता. पुनवेला सांजेला ओहोटी, दिवेलागणीला सुरू करा, पाणी चढायच्या आत संपवा. बांधाखालची सपाट, कोरडी जागा हा रंगमंच, बांधाच्या उतारावर प्रेक्षक. सगळं बिनचूक होतं. फक्त एवढी माणसं जमणार म्हटल्यावर आंदोलनाच्या मंडळींनी दोन शब्द बोलावेत, असा आग्रह मी धरला.

"दोन?" तुम्ही विचारलंत. बास, एवढंच.

आमच्याकडे समुद्र अडवायला माणसं उठतात, भाषण अडवायला उठत नाहीत. एक बोलले, दुसरे बोलले, ज्यांना बोलायचं नव्हतं तेही बोलले. चंद्र वर आला. बोलणाऱ्यांची पाठ खाडीकडे होती आणि ऐकणाऱ्यांची तोंडं. अख्ख्या गावाला दिसत होतं की पाणी फिरलं आहे. माणसं कोपरांनी एकमेकांना ढोसत होती, एकमेकांत बोलत होती, "पानी चढतंय," पण आंदोलनाच्या वक्त्याला खाली बस कोण म्हणणार? तुम्ही बांधाच्या कडेला पँट दुमडून उभे होता, भाषण चालू असतानाच. शेवटी बोलायला उठला माझा बाबा. "आमी एक पाऊल मागं हटनार नाय," म्हणाला, आणि त्याच्या मागे खाडी दोन पावलं पुढे आली.

नाटक सुरू झालं ते कुणीच विसरलेलं नाही. मी त्याचं वर्णन करणार नाही, तुम्ही तिथे होता. एवढंच सांगते की ताराआत्या त्या दिवशी हळू बोलली आणि तरीही मागच्यांना सगळं दिसलं.

शेवटचा प्रवेश. चौकट उभी, चौकटीत दार, आणि अनसाच्या घोट्याला पाणी. खरं पाणी. तिने दारावर हात ठेवला. लावते का काढते, मी बघत होते. तेवढ्यात पाण्याचा एक जोर आला, चौकट कलली आणि दार बिजागऱ्यांतून निसटलं. ताराआत्याने ते छातीवर झेललं. नाटकात नसलेलं वाक्य ती बोलली.

"धरा रं. माझा दार हाय."

सगळ्यात आधी पाण्यात उतरला तो एक पाऊल मागे न हटणारा माझा बाबा. मग सगळाच उतार खाली आला. माणसांनी दार धरलं, आणि काका, उभं धरलं. कुणाला सांगावं लागलं नाही. उभंच बांधावर चढवलं. वर चांदण्यात ते दार आणि त्याला धरलेली माणसं थांबली, कारण पुढे कुठे जायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. डावीकडे गाव, उजवीकडे होड्या. आणि नेमक्या त्या क्षणी तुम्ही खालून, गुडघाभर पाण्यातून म्हणालात, "बास. दिवे बंद."

दिवे गेले. टाळ्या कुणी वाजवाव्यात हेही कळेना.

आम्ही दार घरी घेऊन गेलो तेव्हा आई उंबऱ्यावर बसलेली होती. घर उघडं कसं टाकायचं म्हणून ती नाटकाला आलीच नव्हती. "आज मीच दार," म्हणाली आणि उठून बाजूला झाली.

तेव्हापासून आपण किती वेळा भेटलो असू. दर वेळी तुमचा पहिला प्रश्न तोच. "काय पत्रकबाई, दार कुठे चाललं होतं?" मी म्हणायचे, घरी. घरीच तर नेलं ना आम्ही. तुम्ही म्हणायचात, ते नाटक संपल्यावर. नाटकात ते थांबलं होतं. मी म्हणायचे, थांबवलं तुम्ही, दिवे घालवून. नाहीतर गावाकडेच वळलं असतं. तुम्ही म्हणायचात, आणि तुझी भाषणं वेळेत संपली असती तर काय झालं असतं तेही आपल्याला कधी कळणार नाही. वडाळे तलावाच्या काठी, तुमच्या ओट्यावर, एकदा तर दवाखान्याच्या बाकावर, तुमचा नंबर यायची वाट बघत. शेजारचा पेशंट वैतागून म्हणाला होता, "अहो, कुठलं दार? पोलिसांत तक्रार द्या."

मग बाबाने गाव सोडायला संमती दिली. इतकी वर्षं नाही म्हटलं, मग गावातली अर्धी घरं गेली, बांधाच्या आतला भराव घराच्या भिंतीपर्यंत आला, आणि एक दिवस तो सही करून आला. मी त्याच्याशी बोलले नाही. तुमच्याकडे आले. तुम्ही अंथरुणावर होता, हे विसरून आले होते. मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, बघ, अनसा जाते. तुम्ही हा विजय घेतला असता तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही तो घेतला नाहीत. मग विचारलंत, "दार कोण काढणार?"

"कुणी नाही. राहू दे तिथेच. पडू दे घराबरोबर."

"मला बरं असतं तर तालीम घेतली असती," तुम्ही म्हणालात.

मी उठून पाणी आणायला गेले. पुढच्या वेळी बोलू म्हटलं. राहायचं म्हणून ओरडणारी मी निघाले आहे, आणि जाणाऱ्यांची बाजू घेणारे तुम्ही त्याच घरात, त्याच चौकटीच्या आत शेवटपर्यंत राहिलात. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. तुम्ही यावर काहीतरी खवचट बोलला असतात. ते मला ऐकायचं होतं. आता ते वाक्य मी किती प्रकारे लिहून बघते, एकही तुमचं वाटत नाही.

काल रूथताईचा फोन आला. घर विकायचं ठरतंय, ती परत इस्रायलला, अश्दोदला जाणार. "चौकटीवरची डबी काढायची आहे," म्हणाली. "अप्पा म्हणाले होते सुजाताला बोलाव. तिला बघू दे." तुम्ही माझं नाव वापरलंत तर.

मी गेले. तिने स्क्रू फिरवायला घेतले. जुना रंग त्यात भरला होता, सुटत नव्हते. घाई केली नाही तिने. खालचा सुटला, वरचा सुटला. डबी तिने ओढणीत धरली. चौकटीवर तिरका फिका पट्टा राहिला, बाकी लाकडापेक्षा कोवळा. ती म्हणाली, "माझ्या दारावर आहे एक. ही आतल्या खोलीला लावेन." मी त्या रिकाम्या पट्ट्याला बोटं लावली. ओठांशी नेली नाहीत. माझं मला माहीत.

संध्याकाळी घरी आले तर बाबा दारापाशी उभा होता. दाराच्या खालच्या कडेला अजून त्या पौर्णिमेच्या खाऱ्या पाण्याची पांढरट रेघ आहे, कितीही तेल लावलं तरी वर येते. किती दिवसांनी मी त्याच्याशी बोलले. म्हटलं, दार नेऊ या. तो म्हणाला, मिस्त्रीला विचारलं होतं, नव्या प्लॉटवर सगळ्या घरांच्या चौकटी एका मापाच्या येतात, लहान आहेत. कापून बसवावं लागेल, असं मिस्त्री म्हणाला.

"मग?"

"मग काय. दार कापाचा नाय," बाबा म्हणाला. "दाराच्या मापान घर बांदाचा."

तर काका, तुमचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. आम्हाला पाण्याने नाही, माणसांनी उठवलं, आणि हे मी लिहीत राहणार आहे, वाक्यांच्या मुठी वळून. पण दार मी काढणार आहे. ताराआत्या येते आहे, आई येते आहे, या वेळी तिला घरी बसून दार व्हायची गरज नाही. बांधावरून नेऊ, उभं. टेम्पोवाला शनिवारी रिकामा होता. मी त्याला रविवारचं सांगितलं. बाबाने का म्हणून विचारलं नाही.